संध्याकाळची गोळी

लिफ्टमध्ये काकूंनी अभिनंदन केलं, पण ते कशाबद्दल आहे हे कळायला त्याला दोन मजले लागले. काकू खालच्या मजल्यावरच्या. त्याच्यापेक्षा वयाने लहान, तरी साऱ्या इमारतीच्या काकू. "छान झालं हो, अगदी छान झालं," त्या म्हणाल्या, "आता तुमच्याकडनं आवाज म्हणून येत नाही. आमचे हे तर म्हणत होते, वरचे लोक घर सोडून गेले की काय!" तो म्हणाला, "नाही, आहोत." "दोघंही?" काकूंनी विचारलं. "दोघंही," तो म्हणाला. "मग छानच," असं म्हणून काकू आपल्या मजल्यावर उतरल्या आणि दार सरकून बंद झालं. लिफ्ट त्याच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, पॅसेजमधला पिवळट दिवा दिसला, आणि तो उतरला नाही. खालून कुणीतरी बटण दाबलं असावं. तो पावाची पिशवी घेऊन पुन्हा तळमजल्यापर्यंत गेला, तिथे कुणी नव्हतं, आणि आल्या पावली वर आला. सबंध वेळ समोरच्या आरशात एक म्हातारा हातात पाव घेऊन त्याच्याकडे संशयाने बघत होता. दोघंही. उत्तर देताना आपण जरा घाई केली, असं त्याला वाटत राहिलं. मोजून बघायला हवं होतं.

घरात बायको खिडकीजवळच्या खुर्चीत होती. जाताना बसवली होती तशीच, उजवा हात खुर्चीच्या हातावर, डावा मांडीवर. खाली रस्त्यावर बस थांबली, माणसं उतरली, बस गेली. तिची नजर बसबरोबर गेली नाही, जिथे बस होती तिथेच राहिली. "आलो गं," तो म्हणाला. हनुवटीवर ओल होती, ती त्याने रुमालाने टिपली, तेव्हा गालात बिस्किटाचा तुकडा लागला. दुपारच्या चहाबरोबरचं बिस्किट. "गिळ की," तो म्हणाला, आणि तिने गिळलं. म्हणजे गिळल्यासारखं केलं. ही बाई शाळेत खेळ शिकवायची. हिची शिट्टी वाजली की मैदानावरची पोरंच काय, फाटकाबाहेरचे सायकलवाले खाली उतरत. ही नुसती चालत आली तरी लोकांची पोटं आत जात. लग्नानंतर कितीतरी वर्षं तो तिच्याबरोबर फिरायला गेला की नकळत पाय मिळवून चालायचा. आणि त्याचा धंदा कुजबुजण्याचा. उभी हयात त्याने नाटकाच्या विंगेत संहिता घेऊन, विसरलेल्या नटांना वाक्यं पुरवण्यात काढली. नट त्याला 'कानातला' म्हणत. "आज कानातला आहे ना? मग पाठांतर कशाला?" एकाच घरात असा घसा आणि अशी कुजबुज, म्हणून संसार चांगला चालला, दोघांचे आवाज एकमेकांवर कधी आदळले नाहीत.

आदळले ते आजारात. विसरणं आधी दिवसा आलं, हळूहळू, पाहुण्यासारखं चपला काढून. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही, विसरणाऱ्या माणसांबरोबरच तो जगला होता. ती शब्दाशी अडायची, तो पुरवायचा. 'ते हे' म्हणाली की 'चष्मा', 'ती आपली' म्हणाली की 'मुलगी'. मजेत चाललं होतं. पण पुढे संध्याकाळच्या वेळा बिघडायला लागल्या. जेवण झालं की ती उठे, घरातले सगळे बूट दारात रांगेत लावी, मग त्याच्याकडे वळे आणि विचारे, "तुम्ही कोण? इथं काय करताय?" तो हळूच पुरवी, "मी नवरा तुझा." हे वाक्य तिला अजिबात पसंत नव्हतं. "चोर!" ती ओरडे, मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशी. "चोर! पकडा!" आणि घरात पकडायला दुसरं कुणी नसल्यामुळे ती स्वतःच पकडायची. एकदा तिने त्याचा कान धरून त्याला दारापर्यंत नेलं. एकदा थोबाडीत दिली, चष्मा पलंगाखाली गेला, आणि चष्मा नसल्यामुळे तो चष्मा शोधू शकला नाही. रात्री ती दार वाजवत राही, आतून. काकूंचे 'हे' खालून काठीने छताला ठोकत. मुलगी दूरच्या शहरात होती, फोनवर रडायची. "बाबा, डॉक्टरांकडून काहीतरी औषध घ्या. नाहीतर आईच्या आधी तुम्ही जाल." "मी कुठं जाणार? दार तिच्या ताब्यात आहे," तो म्हणाला. "बाबा, प्लीज, विनोद नको." पण विनोद नव्हता तो. त्याच्या हातून पेला पडायला लागला होता, तो दुपारी उभ्याउभ्या झोपायला लागला होता, आणि एका संध्याकाळी तिने हात उगारला तेव्हा त्यानेही उगारला होता. त्याचा हात हवेत राहिला. तो तसाच त्याने नेऊन दिव्याचं बटण दाबलं, जणू त्यासाठीच वर गेला होता.

म्हणून गोळी आली. डॉक्टर तरुण मुलगी होती, नीट बोलणारी. तिने सगळं सांगितलं होतं. हे कबूल करायला हवं. ही गोळी खरं तर या आजारासाठी नाही, ती म्हणाली होती. भास होतात, संशय येतो, त्या दुसऱ्या आजारांची आहे. स्मृती गेलेल्या वयस्कर माणसांना देताना विचार करावा लागतो. अंग आखडतं, पाय घासत चालतात, तोल जातो, पडतात. गिळायला त्रास होतो. अर्धांगवायूचा धोका वाढतो. आणि काही जण, गोळी नसती तर गेले असते त्याच्या आधी जातात. "तुम्ही दोघंही धोक्यात आहात म्हणून देते," ती म्हणाली, "अगदी थोडी, आणि थोड्या आठवड्यांसाठी. मग मला पुन्हा दाखवायला आणायचं, बंद करता येते का ते बघू." तो मान डोलवत होता. नाटक सुरू व्हायच्या आधी सूचना देतात ना, फोन बंद ठेवा, आग लागल्यास बाहेर पडायचे दरवाजे उजवीकडे व डावीकडे आहेत, ती त्याने जन्मभर ऐकली होती, आणि त्यात कुठला दरवाजा उजवीकडे हे त्याला आजही सांगता आलं नसतं. तशीच त्याने हीही ऐकली. पडदा कधी उघडतो, एवढंच त्याच्या मनात होतं.

पडदा उघडला तो झकास उघडला. चार-सहा दिवसांत संध्याकाळ नुसती संध्याकाळ झाली. बूट जागेवर. दार गप्प. तो रात्री झोपला, सकाळी दाढी करताना गाणं गुणगुणला, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून हवामानापर्यंत वाचलं. मुलगी फोनवर म्हणाली, "किती छान वाटतंय बाबा तुमचा आवाज." आणि बायकोही बसलेली असायची, समोर, शांत. त्याला वाटलं, दमली असेल. एवढं ओरडल्यावर कुणीही दमेल. पाय उचलेना, फरशीवरून सरकवायला लागली, तर त्याला वाटलं, वय. बोटं चमच्याभोवती मिटून राहायला लागली, तर वाटलं, थंडी. इथे त्याच्या धंद्याने त्याला दगा दिला, किंवा त्याने धंद्याला. कारण विंगेत उभ्या असलेल्या माणसाला एकच विद्या असते: समोरचा गप्प झाला तो मुद्दाम थांबला की विसरला, हे ओळखणं. उमेदवारीत त्याने एका बड्या नटाच्या ऐन पल्लेदार थांब्यात वाक्य पुरवलं होतं. अंक संपल्यावर त्या नटाने राजाच्या पोशाखात, किरीटासकट, त्याला मेकअपच्या खोलीपर्यंत पळवत नेलं होतं. तेव्हापासून तो चुकला नव्हता. थांबलेल्या नटाचं अंग चालू असतं, पायाचा अंगठा तरी ताल धरतो. विसरलेल्याचं अंग थिजतं आणि डोळे पळतात. हिचं अंगही थिजलेलं आणि डोळेही. हा प्रकार त्याने पाहिला नव्हता. आणि न पाहिलेल्या गोष्टीला त्याने आपल्या सोयीचं नाव दिलं. म्हणाला, विश्रांती.

पिशवीतला पाव अजून हातातच होता. तो टेबलावर ठेवताना त्याला दुसरी गोष्ट आठवली, आणि आठवली म्हणजे काय, ती तिथेच होती, फक्त इतके दिवस तो तिच्या बाजूने वळसा घालून जात होता. ठरलेल्या आठवड्यांनी तो तिला दाखवायला घेऊन गेला होता. डॉक्टरांनी खुर्ची ओढून तिच्या समोर बसून विचारलं होतं, "कशा आहात?" आणि ती गप्प. गप्प झालेलं माणूस आणि वाट बघणारं माणूस, या दोघांच्या मध्ये तो बसलेला. ओठ न हलवता, तोंडाच्या एका कोपऱ्यातून, तिच्या कानाच्या अंतराचा हिशेब पक्का ठेवून त्याने म्हटलं, बरी आहे. "बरी आहे," ती म्हणाली. झोप लागते? छान लागते. "छान लागते." कुठं दुखतंय? काही नाही. "काही नाही." पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला कधी त्याची कुजबुज ऐकू गेली नव्हती, तिथे डॉक्टरांना काय जाणार. "उत्तरं किती पटकन देताय आज!" डॉक्टर म्हणाली, खूष होऊन. "सुधारणा आहे. एवढं छान चाललंय तर आणखी काही दिवस चालू ठेवू या." बाहेर तो तिला धरून टॅक्सीत बसवत होता, तिचा पाय उचलून आत ठेवत होता, आणि प्रयोग चांगला झाल्यावर येते तशी एक हलकी ऊब त्याच्या छातीत आली होती. सवय, असं तो आता मनाशी म्हणाला. जन्माची सवय हो, समोर कुणी अडलं की जीभ वळवळते. म्हणाला, आणि ते अर्धंच खरं आहे हे त्याला लगेच ऐकू आलं. डॉक्टर गोळी बंद करील, ही भीती जिभेच्या मागे बसून तिला ढकलत होती. दाढी करताना गुणगुणायचं होतं त्याला.

तो तिच्यासमोर स्टूल घेऊन बसला. "चहा घेतेस?" त्याने विचारलं आणि ओठ मिटले. नुसतं बसायचं, एवढंच. खालून आणखी एक बस गेली. फ्रीज घरघरला, थांबला. त्याच्या तोंडात 'हो, घेते' तयार होतं, कढत घासासारखं. ते त्याने या गालातून त्या गालात फिरवलं. तिचा चेहरा हलत नव्हता. फार आत, विहिरीत बादली खूप खाली गेल्यावर दोराला जेवढी हालचाल कळते तेवढी काहीतरी झाली असावी, किंवा नसावी. मग "हं," एवढं आलं. हो की नाही, ते नव्हतं त्यात. गेले काही आठवडे या घरात बरंच बोलणं झालं होतं, त्याने मुलीला फोनवर सांगितलंही होतं, 'आईशी गप्पा मारत होतो,' आणि आता हिशेब लावायला बसला तर त्यातलं सगळंच्या सगळं त्याचंच निघत होतं. 'आज गार आहे ना? हो, गार आहे.' 'झोपतेस? झोपते.' दोन पात्रं आणि एकच घसा. काकू म्हणाल्या ते बरोबर होतं, वरचं एक माणूस घर सोडून गेलं होतं, आणि त्याने पाठवलं होतं, रोज संध्याकाळी, कोमट पाण्याबरोबर.

त्या संध्याकाळी त्याने गोळी पाकिटातून काढून तळहातावर घेतली आणि मोरीपर्यंत गेला. मोरीपाशी उभा राहिला. एवढीशी, शर्टाचं बटणसुद्धा हिच्यापेक्षा मोठं असतं. टाकली तर आज रात्री काय होईल ते त्याला माहीत नव्हतं, आणि दिली तर काय होईल ते माहीत झालं होतं. शेवटी त्याने दवाखान्यात फोन केला. "अचानक बंद करू नका," डॉक्टर म्हणाली, "उद्या घेऊन या." त्याने गोळी दिली. तिने आज्ञाधारकपणे तोंड उघडलं. आज्ञाधारक! सत्तरी ओलांडलेल्या आयुष्यात तिने कुणाची आज्ञा पाळल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

"मागच्या वेळी ही बोलली नाही," दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांना म्हणाला, "मी बोललो." डॉक्टरांना कळेना. "म्हणजे तुम्ही त्यांच्या वतीने..." "वतीने नाही. कोपऱ्यातून. असं," आणि त्याने ओठ मिटलेले ठेवून म्हणून दाखवलं, 'डॉक्टर, तुमच्या टेबलावरचं पेन खाली पडलंय.' डॉक्टरांनी दचकून मागे बघितलं, मग तिला हसू आलं, मग ते गेलं. "काका," ती म्हणाली, "तुम्हाला कळतंय का, मी कुणाला तपासलं ते?" "कळलं म्हणूनच आलो." "मीही हातपाय बघायला हवे होते. उत्तरांवर गेले." ती स्वतःऐवजी आपल्यावर रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिने त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला, वजनकाट्याशेजारी बसवलं, आणि वर म्हणाली, "तोंडावर हात ठेवा." त्याने ठेवला. मग तिने बाईचं मनगट धरून हलवलं. ते गंजलेल्या बिजागरीसारखं अडत अडत हललं. तिला उभं केलं, चालायला लावलं. चार पावलं आणि वळताना तोल. पुन्हा बसवून विचारलं, "कुठं दुखतंय का?" आणि थांबली. डॉक्टर मंडळींना थांबता येतं हे त्याला ठाऊक नव्हतं. तळहातामागे त्याची जीभ दातांवर आपटत होती. काही नाही, काही नाही, काही नाही. बाहेर बाकावर कुणी खोकलं, घड्याळाचा काटा सरकला, आणि बाईचा हात मांडीवरून उठला. इतका हळू उठला की तो अर्ध्यावर पोचेपर्यंत उठतोय हे कळलं नाही. तो जबड्यापाशी जाऊन टेकला. डॉक्टरांनी कवळी काढून आत उजेड टाकला. हिरडीला खाली एक जखम होती, जुनी, कडा पांढऱ्या झालेली. "जेवण झाल्यावर जास्त ओरडायच्या, म्हणाला होतात ना?" तो फक्त मान हलवू शकला, हात तोंडावरच होता. "हेच सगळं कारण असेल असं नाही हं," डॉक्टर म्हणाली, "पण दुखत होतं, आणि सांगता येत नव्हतं, म्हणून ओरडत होत्या, एवढं तर असेलच. आणि आपण काय केलं, ओरडणं बंद केलं." ती 'आपण' म्हणाली. ते तिने पुरवलेलं वाक्य होतं, आणि त्याने ते घेतलं.

मग तिने त्याला समजावलं: हळूहळू कमी करायची, आधी अर्धी, मग चतकोर, मग एक दिवसाआड, मग नाही. कवळी घासून घ्यायची. मध्ये काही झालं तर फोन. "पाय एकदम मोकळे होणार नाहीत. काही राहूनही जाईल. आणि आवाज परत येईल, काका. चोर म्हणतील, हात उगारतील. रोज दोन-तीन तास कुणीतरी मदतीला ठेवा, एकट्याने नाही. झेपेल?" त्याने तोंडावरचा हात काढला. इथे एक छोटं, सोपं उत्तर होतं, कुठल्याही नवशिक्या नटाला आलं असतं. त्याला ते आठवेना. तो इकडेतिकडे बघत राहिला.

मुलगी फोनवर भांडली. "चाललंय ना नीट? कशाला खाजवून खरूज?" "नीट माझं चाललं होतं," तो म्हणाला. ती पुढच्या आठवड्यात आली, आईपुढे बसली, 'आई, मी कोण?' असं तीन-चारदा विचारलं, आणि जाताना काही न बोलता दुपारसाठी एक बाई लावून गेली. गोळी अर्धी झाली, चतकोर झाली. सुरीने ती कापताना भुगा व्हायचा, तो भुगा तो फुंकून टाकायचा आणि मग आपण हे बरोबर केलं की नाही याची काळजी करायचा. तिच्या डाव्या हाताची बोटं आधी सुटली. मग एका सकाळी सूप तिला नको होतं, आणि नको होतं हे तिने वाटी सरकवून सांगितलं. सूप टेबलावरून त्याच्या पायजम्यावर आलं, आणि भाजत असताना तो वेड्यासारखा हसला. हसून झाल्यावर घाबरला. रात्री कान उघडे ठेवून झोपू लागला. दाढी पुन्हा राहायला लागली. लिफ्टमध्ये काकू भेटल्या तेव्हा हवेबद्दल बोलल्या.

आणि आज जेवण झाल्यावर, मदतीची बाई केव्हाच गेलेली असताना, ती खुर्चीतून आपली आपण उठली. दोनदा उठायला गेली, तिसऱ्यांदा उठली. पलंगाचा कठडा धरून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि पूर्वीइतकी नव्हे, पण खोलीच्या चारी भिंतींना पुरेल एवढ्या आवाजात म्हणाली, "तुम्ही कोण? फार उशीर झालाय. आपल्या घरी जा." मी नवरा तुझा, हे वाक्य दातांपर्यंत आलं. डोळ्यांत तिच्या भीती होती, खरी, उजेड पडलेली. आपल्या घरात परका पुरुष बसलाय आणि उठत नाही, याची भीती. आजवर त्याने या भीतीला प्रत्येक वेळी चुकीचं वाक्य पुरवलं होतं. "बरोबर आहे. उशीर झाला," तो म्हणाला, "येतो मी." उठला, बूट घातले, नाड्या बांधायला वाकला तेव्हा ती मागे उभी राहून बघत होती, पाहुणा नक्की जातो ना म्हणून. बाहेर पडून त्याने दार ओढून घेतलं. पॅसेजमध्ये तो उभा राहिला. किल्ली खिशात होती, ती त्याने मुठीत धरली. आत काही आवाज नाही. ती दाराशीच असेल की वळली असेल? वळताना तोल जातो. मध्ये सतरंजीची कड आहे, पलंगाचा कोपरा आहे. आत जावं का? आत्ताच तर चोर बाहेर गेला. किल्ली फिरवून दार उघडलं तर चोर परत येईल. खालच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज झाला, कुणीतरी जिन्यातून वर कानोसा घेतला, आणि दार हलकेच लागलं. त्याने केस सारखे केले, शर्टाची कॉलर नीट केली, आणि घंटा दाबली.

काहीच नाही. मग एक पाय घासल्याचा आवाज, लांबलचक. थांबला. किल्लीचे दात तळहातात रुतत होते. पुन्हा घासला, आणि मग, त्याला शपथेवर सांगता आलं नसतं, पण एक पाऊल पडलं, उचलून टाकलेलं. त्यानंतर पुन्हा घासणं. लॅच खडखडलं, नाही निघालं, पुन्हा खडखडलं. आतून कुणी काही पुरवत नव्हतं, बाहेरूनही नाही. दार उघडलं. ती धापा टाकत चौकट धरून उभी होती, केस विस्कटलेले, आणि तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. वाईट नजरेने नाही.

"कोण हवंय?" तिने विचारलं.

तयार काहीच नव्हतं. "बाई," तो म्हणाला, "बाई आहेत का घरी?"

ती विचारात पडली. मान वळवून तिने मागच्या खोलीत बघितलं, खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"थांबा हं. बघते," ती म्हणाली, आणि दार उघडंच ठेवून आत बघायला गेली.